पोलीस ठाण्यातून कागद घेतल्याशिवाय उठू नका

परभणीचा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत गेला. त्यानंतरच्या काही दिवसांत काय काय ऐकायला मिळाले ते आठवा. श्वसनाचा आजार होता, मारहाण झालीच नाही, सीसीटीव्हीत काही दिसत नाही. हे सगळे बोलणे होते, तेही थेट विधानसभेतले. त्याला पहिला तडा शवविच्छेदनाच्या कागदाने दिला. त्यावर अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे लिहिलेले होते. दुसरा तडा न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने दिला. तिथून प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले, ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. रस्त्यावरचे आंदोलन नसते तर हे झाले नसते, हे खरेच. पण कोर्टात आंदोलनाचा फोटो चालत नाही. तिथे आईची चिकाटी आणि हे कागद चालले.

त्याच ऑगस्टमध्ये पुण्यात तीन तरुणींनी कोथरूड पोलीस ठाण्यात मारहाण आणि जातीवाचक शिवीगाळ झाल्याचा आरोप केला. पोलिसांनी तो नाकारला. कार्यकर्ते रात्रभर पोलीस आयुक्तालयात ठाण मांडून बसले. ॲट्रॉसिटीखाली गुन्हा दाखल झाला नाही. तो दाखल करता येत नाही असे सांगणारे पोलिसांचे पत्र मात्र पहाटे हातात पडले. समाजमाध्यमांवर तेव्हा बऱ्याच जणांनी लिहिले की एवढे करून मिळाले काय, तर एक नकाराचे पत्र. माझे मत उलट आहे. त्या रात्रीची खरी कमाई ते पत्रच होते. तोंडी नकाराविरुद्ध कुठे दाद मागणार? लेखी नकार मात्र वरिष्ठांकडे, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, ॲट्रॉसिटीच्या विशेष न्यायालयाकडे घेऊन जाता येतो.

आपल्या वस्त्यांमध्ये काम करताना मला याच्या नेमके उलटे चित्र दिसते. घटना घडते, पन्नास-साठ पोरे पोलीस ठाण्यावर जातात, निवेदन दिले जाते, निवेदन देतानाचा फोटो ग्रुपवर येतो आणि खाली ओळ असते, 'साहेबांनी कारवाईचे आश्वासन दिले'. तीन महिन्यांनी विचारले की त्या निवेदनाची पोच कुठे आहे, तर कुणाकडेच नसते. साहेबांची बदली झालेली असते. नवे साहेब विचारतात, 'कुठला अर्ज? आमच्याकडे नोंद नाही.' आणि ते खोटे बोलत असतात असेही नाही. नोंद खरोखरच नसते.

पोलीस ठाणे ही मुळात लिहिण्याची जागा आहे. तिथे रात्रंदिवस काहीतरी लिहिले जात असते: स्टेशन डायरी, बारनिशी, गुन्हा रजिस्टर, अदखलपात्र नोंदवही, मुद्देमाल रजिस्टर. जे लिहिले गेले ते घडले, जे लिहिले गेले नाही ते घडलेच नाही, असा तिथला हिशेब असतो. काय लिहायचे आणि काय नुसते 'समजावून सांगून' मिटवायचे, हे ठरवण्याची ताकद ठाणे अंमलदाराच्या पेनात असते. जातीच्या घटना सर्वांत जास्त याच पेनापाशी अडतात. म्हणून पोलिसांकडून कागद कसे मागायचे हा विषय वकिलांवर सोडून देण्याइतका बारीक नाही. शाखेच्या, मंडळाच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याला तो आला पाहिजे.

एक घोटाळा आधी दूर करू. पोलिसांचा कागद म्हटले की आपली मुले लगेच माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसतात. आरटीआय हे चांगले हत्यार आहे, पण ते तिसऱ्या दाराचे आहे. फिर्यादी किंवा पीडित म्हणून तुमचा जो हक्क आहे ते पहिले दार. तिथे फी नाही आणि तीस दिवसांची वाटही नाही. दुसरे दार न्यायालयाचे. जो कागद पहिल्या दारातून त्याच संध्याकाळी फुकट मिळतो, त्यासाठी तिसऱ्या दाराबाहेर महिनाभर उभे राहण्यात अर्थ नाही. शिवाय आरटीआयचा अर्ज गेला की प्रकरण 'माहिती मागणारा कार्यकर्ता' या खात्यात जमा होते आणि पीडित व्यक्ती मागे पडते.

पहिल्या दारात काय काय मिळते?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला विनामूल्य द्यायची असते. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होती. हद्द आमची नाही हे कारणही आता चालत नाही. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर लिहून घ्यावीच लागते आणि नंतर ती योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. ॲट्रॉसिटी कायद्यात हे आणखी कडक आहे. लिहून घेतलेली खबर फिर्यादीला वाचून दाखवायची, मगच सही घ्यायची आणि प्रत लगेच द्यायची, हे कलम ४ खाली पोलिसांचे कर्तव्य आहे. लोकसेवक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल आणि त्याने ते जाणूनबुजून टाळले, तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. कलम १८-अ नुसार या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. नव्या संहितेत काही गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आली आहे आणि ती पुढे करून 'आधी चौकशी करू, मग बघू' असे सांगितले जाते. ॲट्रॉसिटीच्या तक्रारीत हे उत्तर स्वीकारू नका आणि कुणी दिलेच तर ते लिहून मागा.

वाचून दाखवायचे आहे म्हणजे तुम्ही ऐकायचे आहे. सही करण्याच्या घाईत आपले फार नुकसान होते. मी पाहिलेल्या फिर्यादींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते. फिर्यादीच्या रकान्यात फक्त 'धर्म: बौद्ध' एवढेच लिहिलेले असते आणि अनुसूचित जातीचा उल्लेख कुठेच नसतो. आपण अभिमानाने बौद्ध म्हणतो, म्हणायलाच हवे. पण १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचे संरक्षण लागू झाले ते जातीच्या यादीच्या आधारे. म्हणून फिर्यादीत 'मी बौद्ध असून अनुसूचित जातीची सदस्य आहे' हे वाक्य स्पष्टपणे आले पाहिजे आणि जातीचा दाखला सोबत जोडला पाहिजे. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही हेही यावे. शिवी नेमकी काय दिली ते शब्द जसेच्या तसे यावेत. 'जातीवाचक बोलून अपमान केला' एवढ्यावर भागत नाही. घटना कुठे घडली, ती कोणी पाहिली, कोणी ऐकली हेही यावे, कारण अपमानाच्या कलमांत 'लोकांच्या नजरेसमोर' घडल्याची अट आहे आणि बचाव पक्षाचा पहिला घाव तिथेच पडतो. यातले काही राहिले असेल तर सही करण्याआधी लिहून घ्या. नंतरचा पुरवणी जबाब चालतो, पण 'नंतर सुचले' हा शिक्का त्याच्यावर बसतो तो बसतोच.

एफआयआरच्या या प्रतीवर पैसेही अवलंबून आहेत. ॲट्रॉसिटी नियमांच्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने मिळते. जातीवाचक अपमानाच्या गुन्ह्यात एक लाखाच्या रकमेपैकी २५ टक्के एफआयआरच्या टप्प्यावर, ५० टक्के दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर आणि उरलेले २५ टक्के शिक्षा झाल्यावर. समाजकल्याण कार्यालयात फाईल अडली की कारण बहुतेक वेळा कागदाचेच निघते: एफआयआरची प्रत अस्पष्ट आहे, दाखला जोडलेला नाही, दोषारोपपत्राची प्रत आलेली नाही.

गुन्हा नोंदवलाच नाही तर? मग अर्ज. अर्ज दोन प्रतींत लिहायचा, एक बारनिशीत द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यायचा. आवक क्रमांक नसलेली पोच ही अर्धीच पोच. घेत नसतील तर बाहेर येऊन त्याच दिवशी स्पीड पोस्टने ठाण्याला आणि पोलीस उपायुक्तांना पाठवा आणि पावती सांभाळा. कायद्यात जिथे पोलीस अधीक्षक म्हटले आहे, तिथे आयुक्तालयाच्या शहरात परिमंडळाचे उपायुक्त समजायचे. हा टपालाचा पुरावा नुसता मनाच्या समाधानासाठी नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली जायचे तर आधी वरिष्ठांकडे गेलो होतो हे शपथपत्रासह दाखवावे लागते. आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर स्टेशन डायरीत नोंदवलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी निकालात नोव्हेंबर २०१३ मध्येच सांगितले आहे. म्हणून ठाण्यात किती वाजता गेलो, कोण अंमलदार होते, हे आपल्या वहीत लिहून ठेवा. पुढे डायरीची नोंद मागताना तीच वेळ सांगायची आहे.

गुन्हा नोंदल्यानंतर तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे आता तपास अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. हे कलम १९३ मध्ये आहे आणि फारच थोड्या फिर्यादींना ठाऊक आहे. एक्याण्णवाव्या दिवशी साध्या कागदावर दोन ओळींचे पत्र द्या: कलम १९३(३) नुसार तपासाची प्रगती कळवावी. ॲट्रॉसिटीत तपास सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा आणि साठ दिवसांत दोषारोपपत्र द्यायचे आहे, त्यामुळे तिथे एकसष्टाव्या दिवशीच.

अटक आपल्या मुलांना झाली असेल तर

आंदोलनानंतर वस्तीत रात्री कोम्बिंग होते आणि घरातला मुलगा कुठे नेला हेच कळत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात अटक झालेल्यांची माहिती ठेवणारा अधिकारी नेमलेला असला पाहिजे आणि नावे ठळकपणे लावलेली असली पाहिजेत. आधी त्याच्याकडे जा. दुसरे म्हणजे अटकेची कारणे. ६ नोव्हेंबर २०२५ च्या मिहीर शहा विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांच्या पीठाने सांगितले की अटकेची कारणे लेखी, अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची, आणि तेव्हाच शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी. प्रकरण श्रीमंत घरातल्या आरोपीचे होते, पण निकाल सर्वांसाठी आहे. आपल्या वकिलाने रिमांडच्या वेळी पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की कारणांचा कागद कुठे आहे.

एफआयआर आरोपीलाही मिळतो. यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर ७ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरोपीने किंवा त्याच्या प्रतिनिधीने अर्ज केल्यास ठाण्याने चोवीस तासांत प्रमाणित प्रत द्यावी आणि लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे सोडून बाकीचे एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर आयुक्तालय, ठाणे आणि तारीख निवडून ते शोधता येतात. तिथे दिसला नाही म्हणजे नोंदलाच नाही असे समजू नका. कुठला गुन्हा संवेदनशील, हे उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने ठरवायचे नाही, आणि त्याविरुद्ध शहरात थेट आयुक्तांकडे दाद मागता येते.

जबाब, पंचनामे, वैद्यकीय कागद हे सगळे दोषारोपपत्रासोबत न्यायालयातून मिळतात. नव्या संहितेच्या कलम २३० मध्ये एक चांगली भर पडली आहे. आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांत हे कागद आरोपीबरोबर पीडितालाही विनामूल्य द्यायचे आहेत, अट एवढीच की पीडिताचा वकील उभा असला पाहिजे. म्हणजे ॲट्रॉसिटीच्या खटल्यात सरकारी वकील आहेतच म्हणून आपला वकील लावायचा नाही, ही सवय आता महागात पडेल. केस डायरी मात्र मागू नका, ती मिळत नाही.

जुन्या आंदोलनांच्या गुन्ह्यांबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळे मुलांच्या नोकऱ्या जात आहेत. ३ जानेवारी २०१८ च्या बंदनंतर हजारो तरुणांवर गुन्हे नोंदले गेले. पुढे सामाजिक-राजकीय आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय निघाले. मुलांनी बातमी वाचली आणि विषय संपला असे धरले. पाच-सहा वर्षांनी चारित्र्य पडताळणीला गेले तर गुन्हा 'प्रलंबित' दिसतो. शासन निर्णयाने गुन्हा संपत नाही. सरकारी वकिलाने न्यायालयात खटला मागे घेण्याचा अर्ज करावा लागतो, न्यायालयाची संमती लागते आणि तसा आदेश व्हावा लागतो. त्या आदेशाची प्रमाणित प्रत न्यायालयाच्या नक्कल विभागातून काढा, ठाण्यात अर्जासोबत द्या आणि त्यांच्या संगणकीय नोंदीत दुरुस्ती करायला सांगा. एका मुलाची भरतीतली निवड मी याच एका कागदावाचून अडकलेली पाहिली. आदेश दोन वर्षांपूर्वीच झाला होता. तो ठाण्यापर्यंत कुणी नेलाच नव्हता.

आता तिसरे दार

आरटीआय कशासाठी वापरायचा? ज्या नोंदी पोलीस स्वतःच्या कामकाजासाठी ठेवतात आणि ज्या पहिल्या दोन दारांतून मिळत नाहीत, त्यांच्यासाठी. अर्जावर काय शेरे मारले गेले, तो कोणाकडे किती दिवस पडून होता, स्टेशन डायरीत काय लिहिले, ११२ वर केलेला फोन किती वाजता नोंदला गेला आणि गाडी किती वाजता पोचली, बंदोबस्ताला कोण होते, एखादी चौकशी बंद करताना काय अहवाल दिला.

महाराष्ट्रात अर्ज 'जोडपत्र अ' च्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून द्यायचा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. ऑनलाईन पोर्टलही आहे. राज्याच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. पुष्कळ अर्ज याच मुद्द्यावर परत येतात, कारण आपण अर्जात भाषण लिहितो. घटनेची हकिगत, संविधानाची कलमे, पोलिसांच्या जातीय मानसिकतेवरचे दोन परिच्छेद यांची अर्जात गरज नाही. माहिती का हवी हे सांगण्याचीही गरज नाही, कायदाच तसे म्हणतो. आणि 'का' विचारूही नका. गुन्हा का नोंदवला नाही, हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात तसे स्पष्ट केले आहे. 'का' चे उत्तर ज्या कागदावर लिहिलेले आहे तो कागद मागायचा.

साधारण असे लिहा: 'दि. अमुक रोजी तमुक पोलीस ठाण्यात आवक क्र. इतका याने दिलेल्या माझ्या तक्रार अर्जाबाबत, १) आवक नोंदवहीतील नोंदीची प्रत, २) अर्ज ज्या ज्या अधिकाऱ्यांकडे गेला त्यांची पदनामे व दिनांक, ३) अर्जावरील शेरे, टिप्पण्या व चौकशी अहवाल यांच्या प्रती, ४) त्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेतील स्टेशन डायरीतील या विषयाच्या नोंदीची प्रत, ५) अर्ज निकाली काढला असल्यास त्या आदेशाची प्रत. तसेच संपूर्ण फाईलचे प्रत्यक्ष निरीक्षण करू द्यावे.' निरीक्षणाची ओळ विसरू नका. दोन रुपये पानाने आलेल्या प्रतींत जे नसते ते फाईल समोर उघडली की दिसते, आणि कुठले पान मागायचे हे तेव्हाच कळते.

माहिती अधिकारी कोण आणि अपिलीय अधिकारी कोण हे प्रत्येक आयुक्तालयात सारखे नसते. पदनामे प्रसिद्ध करणे कायद्यानेच बंधनकारक आहे, ठाण्यातला फलक बघा. चुकीच्या अधिकाऱ्याकडे गेला तरी अर्ज परत करता येत नाही, पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तर तीस दिवसांत द्यायचे. एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. कोठडीतल्या माणसाबद्दल अर्ज असेल तर वर ठळक अक्षरात हे लिहा आणि प्रश्न एकदोनच ठेवा.

मग नकार येतो. सर्वांत आवडता नकार कलम ८(१)(ज) चा, 'तपास चालू असल्याने माहिती देता येत नाही'. या कलमात 'तपासात अडथळा येईल' असे शब्द आहेत. भगतसिंग प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगितले की तपास चालू आहे एवढे पुरेसे नाही, ही माहिती दिल्याने अडथळा कसा येईल हे दाखवावे लागेल. अपिलात हे एक वाक्य घाला. आणि ज्या अर्जावर गुन्हाच नोंदला नाही त्याचा तपास कसला, हेही विचारा.

दुसरा नकार आता जास्त जोरात येणार आहे आणि त्याकडे आपल्या चळवळीचे पुरेसे लक्ष नाही. वैयक्तिक माहिती न देण्याच्या कलम ८(१)(ञ) ला आधी अटी होत्या: ज्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जिच्यामुळे खासगीपणावर विनाकारण घाला येईल, तीच रोखता येत होती. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे वाक्यही तिथे होते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्यातल्या कलम ४४(३) ने हे सगळे काढून टाकले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते लागूही झाले. आता कलमात एवढेच उरले आहे की वैयक्तिक माहिती देण्याचे बंधन नाही. कुठल्या अधिकाऱ्याची खातेनिहाय चौकशी झाली, त्याला काय शिक्षा झाली, पंच कोण होते, बंदोबस्ताला कोण होते, सगळ्याला 'वैयक्तिक' म्हणता येईल. जातीय अत्याचाराच्या प्रकरणात जबाबदारी निश्चित करायची म्हणजे शेवटी कुठल्यातरी नावापर्यंत पोचायचे असते, आणि नेमके तिथेच दार लावले आहे.

वाट पूर्ण बंद नाही. कलम ८(२) शाबूत आहे: नुकसानीपेक्षा लोकहित मोठे असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. कलम १० शाबूत आहे: नाव झाकून उरलेला कागद द्यावा लागतो. म्हणून नावाऐवजी पदनाम मागा. आणि महत्त्वाचे म्हणजे अर्ज पीडित व्यक्तीच्या नावाने जाऊ द्या. आपल्याकडे अर्ज बहुधा अध्यक्षांच्या नावाने, संघटनेच्या लेटरहेडवर जातो. पीडितेने स्वतःच्या तक्रारीचा कागद मागितला तर ती तिचीच माहिती असते; अध्यक्षांनी मागितला की ती तिऱ्हाईताची वैयक्तिक माहिती होते. लेटरहेडचा मोह आता सोडायला हवा. अर्ज लिहून द्या, सोबत जा, टपाल खर्च करा, पण सही तिची असू द्या. तिला भीती वाटत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आपण पुढे व्हायचे आणि लोकहिताचा मुद्दा अर्जातच लिहायचा.

तिसरा नकार म्हणजे 'अभिलेख उपलब्ध नाही'. त्यावर विचारायचे की तो कधी, कोणाच्या आदेशाने नष्ट केला, नाशन सूचीची प्रत द्या. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली अभिलेख बेकायदा नष्ट करणे हा पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. हे कलम अपिलात लिहिल्यावर हरवलेली फाईल सापडल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

पहिले अपील तीस दिवसांच्या आत, 'जोडपत्र ब', २० रुपयांचा स्टॅम्प. त्याचा निकाल तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत. मग नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. तिथली रांग लांब आहे, वर्ष-दोन वर्षे सहज जातात, म्हणून खरी लढाई पहिल्या अपिलातच लढा. सुनावणीला जा, पोच आणि तारखांचा तक्ता घेऊन जा. माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो हे त्यालाही माहीत असते.

एका नोंदीसाठी मात्र एवढी वाट पाहता येत नाही, ती म्हणजे सीसीटीव्ही. परमवीरसिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रीकरण अठरा महिने, निदान एक वर्ष ठेवायला सांगितले. प्रत्यक्षात यंत्र बंद होते, साठवण भरली होती, ही उत्तरे ठरलेली. म्हणून ठाण्यात मारहाण झाली असेल तर आधी उपायुक्तांना पत्र: अमुक तारीख, अमुक वेळ, ठाण्यातील सर्व कॅमेऱ्यांचे चित्रीकरण जतन करावे. प्रत राज्य मानवी हक्क आयोगाला. हे पत्र घटनेनंतर दुसऱ्या दिवशी जायला हवे, वैद्यकीय तपासणीच्या कागदाबरोबर. त्याच निकालानुसार कोठडीत गंभीर दुखापत किंवा मृत्यू झाल्यास मानवी हक्क आयोग ते चित्रीकरण मागवू शकतो. आरटीआयचा अर्ज त्यानंतर करा.

हे सगळे एकेका प्रकरणाचे झाले. शहराचे चित्र बघायचे असेल तर पोलिसांकडे जायचीही गरज नाही. ॲट्रॉसिटी नियम १७ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. नोंदवलेले गुन्हे, तपासावरची प्रकरणे, अर्थसाहाय्य या सगळ्याचा आढावा तिथे घ्यायचा असतो. ही इतिवृत्ते सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे असतात आणि त्यांतल्या आकडेवारीत वैयक्तिक असे काही नसते. आपापल्या जिल्ह्यातल्या मागच्या चार बैठकांची इतिवृत्ते, हजेरीपत्रक आणि साठ दिवसांपेक्षा जास्त काळ तपासावर असलेल्या गुन्ह्यांची ठाणेनिहाय संख्या मागा. बैठकच झाली नसेल तर तसे लेखी उत्तर येईल. ते उत्तर घेऊन जिल्हाधिकाऱ्यांना भेटायला जा, आणि त्या भेटीचीही पोच घ्या.